गाडीला अर्थ मिळेना

आमच्याकडे एक जुनी मोटार होती. देवळालीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून ती मी घेतली. तेव्हाच तिला आठ-नऊ वर्षं झाली होती. टपाचं कापड उन्हाने विटलं होतं आणि मागच्या सीटची एक स्प्रिंग वर आली होती. पण इंजिन चांगलं होतं, आणि मला खेड्यापाड्यांत जावं लागे. टांग्याने गिरणाऱ्याला पोचेपर्यंत बाळंतीण माझी वाट बघत थांबत नसे.

मी बायकांची डॉक्टर. दवाखाना नाशकात रविवार कारंज्याजवळ आणि घर गंगापूर रोडला. तिथे तेव्हा वस्ती संपून पेरूच्या बागा सुरू व्हायच्या. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणत असे. आई मी लहान असतानाच गेली. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी संपलं. अण्णा मामलेदार कचेरीत कारकून होते. लोक काय काय म्हणाले ते त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पुण्याला शाळेत घातलं, पुढे मुंबईला डॉक्टरी शिकायला पाठवलं. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मीही कधी काही म्हणाले नाही. आमच्या घरात बोलणं एकूण कमीच.

गाडीबरोबर चाचा आले. ते भद्रकालीच्या मागे राहत. चौदा सालच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला लष्कराच्या लॉरीवर होते, परत आल्यावर याच अधिकाऱ्याची गाडी चालवत. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीने रंगवलेली, अंगावर कायम खाकी कोट. ते अण्णांशी जितकं बोलत तितकं मी घरात कोणाला बोलताना ऐकलं नव्हतं. माझा दवाखाना नऊला उघडायचा. त्याआधी चाचा अण्णांना गाडीतून सोमेश्वरापर्यंत फिरवून आणत. नदीकाठी दोघं थोडा वेळ बसत आणि परत येत. काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही.

मी सांगते आहे तो हिवाळा एकोणीसशे चौतीसचा असेल किंवा पस्तीसचा. थंडी बरीच होती. सकाळी घंगाळातलं पाणी विसण घालायच्या आधीच निवून जाई. त्या दिवसांत गाडीचा सेल्फ आळसावू लागला. सेल्फ म्हणजे बटण दाबलं की बॅटरीच्या जोरावर इंजिन फिरवून चालू करणारं यंत्र. आधी तो एका दमात इंजिन उचलत असे. मग दोन दमांत, मग चार. मग नुसता कण्हल्यासारखा आवाज येई आणि सगळं गप्प. चाचा खाली उतरून पुढे हँडल लावत आणि हाताने इंजिन फिरवत. हँडल मारलं की गाडी लगेच चालू होई.

"थंडी हाय बाई," ते म्हणत. "तेल घट्ट झालंय. ऊन पडू लागलं की आपोआप ठीक होईल."

एके दिवशी सकाळी गिरणाऱ्याहून एक तरुण सायकल मारत आला. त्याची बहीण पहिलटकरीण होती, आदल्या दिवसापासून कळा देत होती. मी पिशवी घेऊन गाडीत बसले. सेल्फ कण्हला आणि थांबला. चाचांनी हँडल घेतलं. घाईत त्यांनी ते नेहमीसारखं पकडलं नसावं. दुसऱ्या की तिसऱ्या झटक्याला इंजिनाने उलटा हिसका दिला. मी आतून फक्त त्यांचं डोकं बॉनेटच्या पलीकडे खाली गेलेलं पाहिलं. उतरून गेले तेव्हा ते जमिनीवर बसून उजवा हात डाव्या हातात धरून म्हणत होते, "काही नाही, काही नाही, बाई तुम्ही निघा."

मनगटाजवळ हाड मोडलं होतं. बघताच कळत होतं. मी तिथेच फळ्या बांधल्या, अण्णांना त्यांच्याजवळ बसवलं आणि त्या तरुणाला घेऊन टांग्याने गिरणारे गाठलं. मी पोचायच्या आधीच तिथल्या सुईणीने बाळंतपण उरकलं होतं, आणि नीट उरकलं होतं. मुलगी झाली होती. मला फक्त दोन टाके घालायचे उरले होते. सुईण माझ्याकडे बघून म्हणाली, "डाक्तरीणबाई, लय उशीर केला." उशीर झालाच होता, आणि सगळं नीट झालं यात माझा काही वाटा नव्हता.

दुपारी परत येऊन मी चाचांच्या हाताला प्लास्टर घातलं.

"सहा आठवडे हा हात हलवायचा नाही," मी म्हणाले.

"सहा हप्ते? मग गाडी कोण चालवणार?"

"मी चालवीन. तुम्ही शेजारी बसायचं."

वर्षभर ते मला रविवारी मोकळ्या मैदानावर गाडी शिकवत होते. गावातून मात्र मी कधी चालवली नव्हती. चाचांनी थोडा विचार केला.

"तुम्ही चालवाल. पण हँडल?"

"हँडल आता कोणीच मारायचं नाही. सेल्फ दुरुस्त झाला पाहिजे."

शेजारच्या पेरूच्या बागेतल्या दोन गड्यांकडून गाडी ढकलून चालू केली आणि आग्रा रोडच्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री हुशार होता, पण त्याच्या दारात उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या तीन मोटारी उभ्या होत्या आणि तिन्हींचे मालक त्याच्या डोक्यावर बसले होते. त्याने आमची गाडी लांबूनच ऐकली आणि म्हणाला, "बॅटरी उतरलीय." बॅटरी दोन दिवस चार्जिंगला ठेवली. परत बसवली, सेल्फ कण्हला. मग तो म्हणाला, सेल्फच्या आत घाण बसली असेल. सेल्फ उतरवून साफ केला, परत बसवला. तेच. तिसऱ्या खेपेला त्याने हात पुसत मला सांगितलं, "बाई, खरं सांगू का, गाडी म्हातारी झालीय. गिऱ्हाईक मिळालं तर काढून टाका."

चाचा शेजारी उभे होते. घरी येताना रस्ताभर ते माझ्या गिअरकडे बघत राहिले आणि एकदाच म्हणाले, "क्लच पूरा दाबा, बाई." ते मनातून दुखावले आहेत हे मला कळत होतं. इतकी वर्षं गाडी त्यांच्या हाताखाली होती आणि आता कोणी तरी तिला म्हातारी म्हणून मोकळं झालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी ठरवलं की आज दवाखाना नाही, आज गाडीच बघायची. चाचांना बोलावलं होतं, पण ते यायच्या आधीच मी गाडीत जाऊन बसले आणि एकदा प्रयत्न करून पाहिला. चोक ओढून धरला आणि पायाने सेल्फचं बटण बराच वेळ दाबून ठेवलं. चोक म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची एक बारीक तार, तिची धातूची मूठ समोरच्या लोखंडी पत्र्यावर असते. सेल्फ कण्हत होता. एकाएकी माझ्या बोटांना चटका बसला. तापलेलं पातेलं चिमट्याशिवाय उचलावं तसा. मी हात मागे घेतला. बोटं लाल झाली होती.

चाचा आले तेव्हा मी नळाखाली हात धरून उभी होते.

"काय झालं?"

"चोकने भाजलं."

"इंजिन गरम झालं असेल."

"चाचा, इंजिन कालपासून बंद आहे."

ते गाडीजवळ गेले. डाव्या हाताने बॉनेट उघडलं, इंजिनावर तळवा ठेवला. रात्रभरच्या थंडीने ते लोखंड गार पडलेलं होतं. मग त्यांनी चोकच्या तारेला बोट लावलं आणि लगेच उचललं. ते वळले आणि म्हणाले, "बाई, आधी बॅटरीची तार सोडवा. मला एका हाताने जमणार नाही. पाना तिथं हाय."

मी तार सोडवली. मग ते पायफळीवर बसले आणि मला समजावून सांगू लागले. बॅटरीपासून सेल्फपर्यंत एक जाड तार जाते, तिच्यातून करंट जातो. परत यायला मात्र वेगळी तार नसते. सेल्फ इंजिनावर बसवलेला असतो, इंजिन गाडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि बॅटरीचं दुसरं टोक त्याच सांगाड्याला जोडलेलं. म्हणून करंट लोखंडातूनच परत येतो.

"त्याला आम्ही अर्थ म्हणतो, साहेबाच्या बोलीत जमीन," चाचा म्हणाले. "आता हा मोठा रस्ता कुठं तरी बंद झालाय. करंटला परत तर जायचंय. ही चोकची तार इंजिनातून निघून गाडीच्या पत्र्याला लागते, मग तो तिच्यातून जातोय. एवढ्या बारीक बोळातून सगळी गर्दी घुसली तर तार तापणार नाही का?"

कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचे प्रयोग केले होते. बॅटरी, तार, सुई हलणारं यंत्र. परीक्षेपुरतं ते पाठ होतं. पण एवढं साधं मला इतके दिवस सुचलं नव्हतं, आणि मिस्त्रीलाही नाही. सगळ्यांनी करंट जातो कसा ते पाहिलं होतं. परत येतो कसा ते कोणी पाहिलं नव्हतं.

"तार अशीच तापत राहिली तर?" मी विचारलं.

"तार कार्बोरेटरला जाते. तिथं पेट्रोल."

अण्णा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली आले. "काय, गाडीला काय झालंय?"

"अर्थ मिळत नाही, अण्णासाहेब," चाचा म्हणाले.

अण्णा हसले. "मग ती चालेल कशी? अर्थ लागल्याशिवाय आमचं तर वाक्यसुद्धा पुढे सरकत नसे."

चाचांनी मला मागचा दिवा काढायला सांगितला. त्याचा छोटा बल्ब घेऊन त्याला दोन तारा बांधल्या. म्हणजे मी बांधल्या, ते सांगत गेले. साबणाने हात धुऊन कामाला लागायची मला सवय. त्या दिवशी कोपरापर्यंत काळे झाले. बॅटरी पुन्हा जोडली. आधी बल्बची एक तार बॅटरीच्या टोकाला लावली, दुसरी चासीला. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरीपासून चासीपर्यंत ठीक हाय," चाचा म्हणाले. "आता एक तार इंजिनाला लावा, दुसरी चासीलाच राहू द्या. आणि अण्णासाहेब, तुम्ही आत बसून बटण दाबा. अगदी थोडा वेळ. मी बस म्हटलं की पाय उचला."

अण्णा गाडीत चढले. आधी पाठमोरे सीटवर टेकले, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मला वाटलं, धोतर सांभाळतायत.

मी एक तार इंजिनावर दाबून धरली, दुसरी चासीवर. दोन्हीकडे लोखंडच. एकमेकांवर घट्ट बसवलेलं एकाच गाडीचं लोखंड. त्या दोघांच्या मधे बल्ब पेटायचं कारणच नव्हतं. अण्णांनी बटण दाबलं आणि माझ्या हातातला बल्ब पेटला.

"बस!" चाचा म्हणाले. अण्णांनी पाय उचलला. बल्ब विझला.

"पुन्हा," मी म्हणाले. पुन्हा पेटला.

मला इतका आनंद झाला की मी तसाच काळा हात कपाळाला लावला. "चाचा, सापडलं! इंजिन आणि चासी एकमेकांना लागलेलीच नाहीत. मधे काही तरी आहे." मग मी सवयीने विचारलं, "हे कधीपासून सुरू झालं? त्याच्या आधी गाडीला काही नवीन केलं होतं का?"

चाचा बॉनेटच्या आत बघत होते. इंजिनाचे चार पाय जिथे चासीवर टेकतात, तिथे त्यांची नजर होती. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "आज राहू द्या, बाई. हात ठणकतोय. उद्या बघू." आणि कोट खांद्यावर टाकून निघून गेले. अण्णाही गाडीतून उतरून आत गेले.

दुसऱ्या दिवशी चाचा आले नाहीत. मी टांग्याने दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आले ते गाडीकडे न जाता सरळ व्हरांड्यात. गाडीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

"बाई, दुसरा ड्रायव्हर बघा."

"का?"

"दोष माझ्या हातानं झालाय. त्या दिवशी गिरणाऱ्याच्या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या डोक्यावर असतं."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं. इंजिन चालू असताना सगळी गाडी थरथरायची. ती थरथर कमी व्हावी म्हणून त्यांनी दिवाळीच्या आधी इंजिनाच्या मागच्या दोन पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले होते. बोल्ट खडखडू नयेत म्हणून त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळली होती. थरथर खरंच कमी झाली. काही बिघडलं नाही. म्हणून दिवाळीनंतर पुढच्या दोन पायांनाही तसंच केलं. चारी पाय रबरावर आले आणि इंजिनाचा चासीशी संबंध सुटला. सेल्फ बिघडला तो त्यानंतर. पण रबराचा आणि सेल्फचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

"बल्ब पेटला तेव्हा समजलं," ते म्हणाले.

"पण मला सांगितलं का नाही? रबर घातलं तेव्हाच का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला असावा. "आणि गाडी तर पहिल्यापासून थरथरते. मी कधी तक्रार केली होती?"

चाचांनी मान खाली घातली. "तुम्ही नाही केली."

"मग कोणी?"

तेवढ्यात दाराशी अण्णा येऊन उभे राहिले होते ते मी पाहिलं. चौकटीला एक हात टेकवून.

"मी केली," अण्णा म्हणाले. "त्याला काही म्हणू नकोस. मीच त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की तुला सांगायचं नाही."

श्रावणापासून त्यांची कंबर दुखत होती. आधी नुसती कंबर, मग कळ डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरू लागली. गाडीत बसलं की इंजिनाच्या थरथरीने ती जास्तच होई. सोमेश्वराला जाताना एकदा त्यांना उतरताच आलं नाही. चाचांनी त्यांना धरून उतरवलं आणि तेव्हा चाचांना कळलं. चाचा म्हणाले, बाईंना सांगू. अण्णा म्हणाले, नाही. मग चाचांनी आपल्याला जे करता येण्यासारखं होतं ते केलं.

मी डॉक्टर होते. रोज माझ्यासमोर येणाऱ्या बाया दारातून आत येईपर्यंत मला त्यांचं अर्धं दुखणं कळे, असा माझा समज होता. आणि ज्या घरात मी रोज दोन वेळा जेवत होते त्या घरात एक माणूस पाच महिने पाय हातांनी उचलून गाडीत ठेवत होता. रविवारी ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला धोतर दिसलं होतं.

"झोपा," मी म्हणाले. "आत जाऊन पलंगावर झोपा. मला बघू द्या."

"आता तो बाहेर उभा आहे, मग बघ..."

"अण्णा, झोपा."

ते झोपले. मी त्यांचा डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. थोडाच वर आला आणि त्यांचा चेहरा पिळवटला. तोंडातून आवाज नाही. मोठी झाल्यावर मी वडिलांच्या पायाला नमस्काराशिवाय कधी हात लावला नव्हता. पाय बारीक झाला होता. मी पुन्हा पुन्हा तपासलं. पायातली ताकद शाबूत होती, संवेदना शाबूत होती. मणक्यातून निघणारी शीर दुखावली होती. बरं होण्यासारखं होतं. ते कळल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

अण्णा छताकडे बघत होते. "तू संध्याकाळी येतेस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर दिवसभराच्या सगळ्या बायका असतात. त्यात मी कुठे येऊ?" मग म्हणाले, "आणि तू मला फिरायला जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"बघ."

बाहेर चाचा तसेच उभे होते. मी किल्ली उचलून त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून पूर्ण गेला होता असं नाही. पण त्यांनी पाहिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं, त्या माणसाला कोणत्या तोंडाने जा म्हणणार होते? मी एवढंच म्हणाले, "चाचा, यापुढे या घरात कोणाला काही दुखलं तर मला सांगायचं. कोणी काहीही कबूल करून घेतलं तरी."

"जी बाई."

"आणि आता गाडीचं काय करायचं ते सांगा. रबर काढायचं का?"

त्यांनी विचार केला. "रबर चांगलं काम करतंय. राहू द्या. करंटला वेगळा रस्ता करून देऊ. तांब्याची जाड पट्टी पाहिजे. एक टोक इंजिनाला, एक चासीला."

तांब्याला नाशकात काय तोटा. त्याच दिवशी दवाखान्यातून येताना आम्ही तांबट आळीत गेलो. चाचांनी एका म्हाताऱ्या तांबटाला समजावून सांगितलं. त्याने आयुष्यभर घागरी आणि हंडे ठोकले होते. गाडीत तांबं कशाला लागतं ते त्याला पटेना. "पाणी कुठून जाणार?" त्याने विचारलं. चाचा म्हणाले, "पाणीच समज. फक्त दिसत नाही." त्याने तांब्याच्या तारांची वीतभर लांब, बोटभर रुंद वेणी केली, दोन्ही टोकांना ठोकून पत्रा बसवला आणि त्याला भोकं पाडून दिली. वेणी मऊ होती, इंजिन हललं तरी तुटणार नव्हती.

ती बसवायला आम्हाला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ लागली. नुसती लावून उपयोग नव्हता. चासीवर रंग होता, रंगाखाली गंज होता. चाचा म्हणाले, लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत कानसीने घासा. मी घासलं. "अजून," ते म्हणाले. पुन्हा घासलं. साडीचा पदर खोचून मी गाडीखाली शिरले होते आणि ते बाहेरून वाकून बघत होते. बागेतले गडी कुंपणाशी येऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाईंचे पाय मोटारीखालून बाहेर आलेले त्यांनी पहिल्यांदाच पाहिले असतील. बोल्ट आवळून झाला तेव्हा चाचांनी डाव्या हाताने तो स्वतः हलवून पाहिला आणि त्यावर ग्रीसचा हात फिरवला, पाणी लागून पुन्हा गंज धरू नये म्हणून.

मग मी गाडीत बसले. चोक ओढला. बटणावर पाय ठेवला. इंजिन एकाच दमात उठलं. आवाज इतका मोठा आला की अंगणातला कावळा उडाला. मी चोकच्या मुठीवर बोट ठेवून बघितलं. गार होती. आतून अण्णांनी विचारलं, "लागला का अर्थ?" चाचा म्हणाले, "लागला!" आणि हसले. हात मोडल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

काही दिवसांनी मी त्या गॅरेजच्या मिस्त्रीला जाऊन सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं नाही. तो गाडीखाली शिरला, पट्टी पाहिली आणि मला म्हणाला की सर्व्हिसच्या एका जुन्या मोटारीचाही सेल्फ असाच कण्हतो, तिलाही बघतो. तिच्या इंजिनाखाली काही रबर नव्हतं, पण सांध्यांत गंज धरला होता. चाचा एका हाताने बल्ब घेऊन तिथे गेले आणि त्याला दाखवून आले. नंतर आग्रा रोडवर कोणाच्या गाडीचे दिवे मंदावले किंवा सेल्फ रुसला की त्यांना बोलावणं येऊ लागलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांचं मनगट थोडं आखडलेलं राहिलं. ते गाडी चालवू लागले, पण खेड्यांवर जाताना बहुतेक मीच चालवत असे. तो अधिकार त्यांनी मला कधी दिला आणि मी कधी घेतला ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

अण्णांना मी महिनाभर लाकडी फळीवर झोपवलं. कमरेला गरम वाळूचा शेक दिला, फिरणं बंद केलं. त्यांनी सगळं निमूट ऐकलं. कळ हळूहळू पायातून वर सरकली, मग कंबरेपुरती उरली, मग अधूनमधून. पण मला खात्री वाटेना. ते पुन्हा लपवतील अशी भीती होती. म्हणून मी सांगितलं की दर महिन्याला तपासणार, आणि घरी नाही, दवाखान्यात. घरी ते काही तरी निमित्त काढून टाळतील हे मला माहीत होतं.

"ठीक आहे," अण्णा म्हणाले. "पण मग रीतसर येईन."

आणि खरोखरच पहिल्या महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ते डोक्यावर पगडी घालून, हातात काठी घेऊन टांग्याने दवाखान्यात आले. दवाखाना बायकांचा. बाहेरच्या बाकावर बाया बसल्या होत्या, कडेवर मुलं. कंपाउंडरबाई धावत आत आल्या आणि म्हणाल्या, तुमचे वडील आलेत, आत घेऊ का? मी बाहेर जाऊन पाहिलं. बायांनी सरकून त्यांना बाकाच्या टोकाला जागा करून दिली होती. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. मी म्हणाले, "अण्णा, आत या ना."

"माझ्या आधी या चौघी आहेत," ते म्हणाले.

मी आत गेले आणि पहिल्या बाईला बोलावलं.